एका दाताचा फरक
विजेरी बग्गीच्या गिअरचे गणित आणि त्यामागचे विज्ञान

बग्गी म्हटले की आपल्याकडे अजूनही वरातीतली घोडागाडी डोळ्यांपुढे येते. या लेखातली बग्गी हातभर लांबीची असते, तिचे वजन दीड किलोच्या आसपास असते आणि ती रेडिओ लहरींवर चालते. मूळ वाहनाच्या एक-दशांश प्रमाणात बनवलेली, विजेच्या मोटरवर पळणारी आणि मातीच्या मैदानात उड्या घेत शर्यत खेळणारी ही गाडी पाहून पुष्कळांना ते खेळणे वाटते. मात्र तिच्या पोटातले दोन गिअर हातात घेऊन कोणते लावायचे हे ठरवायला बसले, की यंत्रशास्त्रातले बरेचसे मूलभूत प्रश्न समोर उभे राहतात.

माझ्याकडे अभियांत्रिकीची पदवी नाही. इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर म्हणून काम करताना दात मोजायची सवय लागली. मागावर कापड गुंडाळणाऱ्या यंत्रणेत एक ‘चेंज व्हील’ असते. त्याचे दात बदलले की इंचात किती आडवे धागे बसणार ते बदलते, म्हणजे कापडाचा पोत बदलतो आणि भावही बदलतो. त्यामुळे एका दाताने काय होते, हे मला पुस्तकाच्या आधी कापडाने शिकवले. पुढे या बग्ग्यांचा नाद लागला आणि गेली काही वर्षे मी त्यांच्या गिअरचा पद्धतशीर अभ्यास करतो आहे. आसपासच्या गावांतली तरुण मुले, अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी आता या खेळाकडे वळत आहेत. ती मोठ्या हौसेने गाडी घेतात, वेग वाढावा म्हणून मोठा गिअर चढवतात आणि पंधरा दिवसांत मोटर जाळून बसतात. चांगली शर्यतीची मोटर काही हजार रुपयांना पडते, ती बहुधा परदेशातूनच मागवावी लागते, आणि घरून पुन्हा पैसे मागायची सोय नसते. खेळ तिथेच सुटतो. हा लेख मुख्यतः अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे.

साधे त्रैराशिक

आधी भाग ओळखून घेऊ. मोटरच्या दांड्यावर बसतो तो लहान गिअर म्हणजे पिनियन. तो बहुधा पोलादाचा किंवा कठीण केलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा, नायलॉनसारख्या प्लास्टिकचा गिअर म्हणजे स्पर. स्परच्या पुढे गिअरपेटी असते आणि तिच्यातले गिअर चाकांपर्यंत गती नेतात. पेटीतले गुणोत्तर कारखान्यातच ठरलेले असते. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या अनेक बग्ग्यांत ते २.६ च्या आसपास असते. म्हणजे वरच्या दांड्याचे २.६ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो.

एकूण गुणोत्तर काढायची रीत सोपी आहे. स्परच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागायचे आणि आलेल्या उत्तराला पेटीच्या गुणोत्तराने गुणायचे. समजा, स्पर ७८ दातांचा, पिनियन २२ दातांचा आणि पेटी २.६ ची आहे. ७८ भागिले २२ म्हणजे ३.५५, गुणिले २.६ म्हणजे सुमारे ९.२२. मोटर सव्वानऊ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते.

पेटीत वरचा गिअर आणि शेवटचा गिअर यांच्यामध्ये आणखी एक गिअर असतो. तो हिशेबात धरायचा का, असे मुले नेहमी विचारतात. तो धरायचा नाही. मधला गिअर फक्त फिरण्याची दिशा उलटवतो आणि अंतर भरून काढतो. पहिल्याने जितके दात पुढे ढकलले तितकेच तो शेवटच्याला ढकलतो, त्यामुळे त्याचे स्वतःचे दात कितीही असले तरी गुणोत्तर बदलत नाही.

सायकलशी तुलना केली तर चित्र स्पष्ट होते. सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. मोठे चक्र लहान चक्राला फिरवते, कारण माणसाचा पाय सावकाश पण जोरात फिरतो. बग्गीत याच्या नेमके उलट असते. मोटर मिनिटाला तीस हजारांच्या घरात फेरे घेते, पण तिचा जोर दोन बोटांच्या चिमटीइतका. म्हणून तिथे लहान गिअर मोठ्याला फिरवतो. वेग देऊन जोर विकत घ्यायचा, एवढाच हा व्यवहार आहे. गिअर नवी शक्ती निर्माण करत नाही, आहे त्याच शक्तीची मोड करून देतो. मोड करून देताना घर्षणापोटी थोडी दलालीही कापून घेतो.

आता चाक. मागच्या टायरचा व्यास सुमारे ८५ मिमी असतो, म्हणजे परीघ साधारण २६७ मिमी. परिघाला एकूण गुणोत्तराने भागले की मोटरच्या एका फेऱ्यात बग्गी किती पुढे सरकते ते कळते. वरच्या उदाहरणात ते २९ मिमी येते. या आकड्याला शर्यतीच्या भाषेत ‘रोलआउट’ म्हणतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या टायरच्या गाड्यांची तुलना करायची असेल तर गुणोत्तरापेक्षा हाच आकडा खरा. टायर झिजून व्यास ८५ चा ८२ झाला, तर रोलआउट साडेतीन टक्क्यांनी घटते. पिनियनचा जवळजवळ एक दात कमी केल्यासारखा हा फरक आहे. नवे टायर चढवल्यावर मोटर अचानक जास्त का तापू लागली, याचे उत्तर कित्येकदा इथेच असते.

एका दाताची किंमत किती?

मोटरवर एक आकडा छापलेला असतो, त्याला ‘केव्ही’ म्हणतात. हा विजेच्या तारांवरचा किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मोटर भाराशिवाय मिनिटाला किती फेरे घेते, तो हा आकडा. ४५०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर चालवली तर भाराशिवाय सुमारे ३३,३०० फेरे होतात. त्याला ९.२२ ने भागले की चाकाचे ३,६०० फेरे, म्हणजे ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास वेग. ही कागदावरची कमाल झाली. भाराखाली बॅटरीचे व्होल्टेज उतरते, मातीत चाक घसरते, त्यामुळे प्रत्यक्ष वेग कमीच भरतो.

आता पिनियन २२ ऐवजी २३ दातांचा लावू. गुणोत्तर ९.२२ वरून ८.८२ वर येते आणि वेग ताशी साठ किलोमीटरच्या किंचित वर जातो. एका दाताने साडेचार टक्के फरक पडला. स्परचा एक दात कमी केला, ७८ चा ७७ केला, तर मात्र फरक फक्त १.३ टक्के पडतो. म्हणजे पिनियन हा ठोकळ बदलाचा स्क्रू आहे आणि स्पर हा बारीक बदलाचा. पिनियनच्या एका दाताने गाडी ‘थोडी कमी’ आणि ‘थोडी जास्त’ यांच्यामध्ये अडकत असेल, तर स्पर बदलून मधला आकडा गाठता येतो.

मोटरचा स्वभाव

इथवर शाळेतले गणित पुरते. गिअर निवडायला मोटरचा स्वभावही कळावा लागतो.

स्थिर व्होल्टेजवर चालणारी अशी मोटर थांबलेली असताना सर्वांत जास्त जोर लावते आणि सर्वांत जास्त प्रवाह ओढते. वेग वाढत गेला की जोर आणि प्रवाह दोन्ही जवळजवळ सरळ रेषेत घटत जातात. पूर्ण वेगाला जोर शून्याजवळ येतो. शक्ती म्हणजे जोर आणि वेग यांचा गुणाकार, म्हणून सर्वांत जास्त शक्ती बरोबर अर्ध्या वेगावर मिळते. मग मोटर कायम अर्ध्या वेगावर ठेवावी, असे मनात येईल. पण अर्ध्या वेगावर मोटरची कार्यक्षमता जेमतेम पन्नास टक्के असते. बॅटरीतून आलेल्या विजेपैकी अर्धी चाकाला जाते आणि अर्धी मोटरच्या आत उष्णता होऊन राहते. चांगली कार्यक्षमता मिळते ती बऱ्याच वरच्या वेगावर.

जास्त मोठा पिनियन लावल्यावर हेच घडते. मोटरला वर चढायला वावच मिळत नाही. प्रत्येक वळणानंतर ती खालच्या वेगात रेंगाळते, भरपूर प्रवाह ओढते. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. भरलेली एसटी घाटात वरच्या गिअरमध्ये दामटली तर इंजिन जसे गुदमरते, तशीच ही गत. फरक इतकाच, की ड्रायव्हर गिअर उतरवू शकतो. बग्गीला एकच गिअर असतो. तो शर्यतीपूर्वी निवडायचा आणि उडी, वळण, सरळ पट्टा, सगळे त्याच्यावरच निभवायचे.

उष्णतेचे दुष्टचक्रही समजून घ्यावे. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. मोटर पन्नास अंशांनी तापली की रोध जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला आणखी उष्णता. रोटरमधले निओडिमियमचे चुंबक तापल्यावर थोडे दुबळे होतात. दुबळ्या चुंबकाकडून तेवढाच जोर मिळवायला प्रवाह आणखी वाढवावा लागतो. ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेले चुंबक थंड झाल्यावरही पूर्ववत होत नाही. साध्या प्रतीच्या निओडिमियमची मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मोटरमध्ये त्याहून वरच्या प्रतीचे चुंबक वापरतात, पण रोटर आत कोंडलेला असल्यामुळे तो बाहेरच्या कवचापेक्षा जास्त तापलेला असू शकतो. म्हणून कवचाचे तापमान ७० ते ७५ अंशांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, हा माझा दंडक आहे.

उलट टोकही असते. पिनियन फार लहान ठेवला तर मोटर सरळ पट्ट्याच्या अर्ध्यातच कमाल वेगाला पोचते आणि पुढे नुसती किंचाळत राहते. अशा मोटरला ताप येत नाही, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. फार वरच्या फेऱ्यांवर मोटरच्या लोखंडी गाभ्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि तेही उष्णता निर्माण करतात.

बॅटरीच्या काळातून उष्णतेच्या काळात

या खेळाच्या इतिहासात गिअर निवडण्याचा निकषच एकदा बदलला. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीने आरसी-१० ही बग्गी आणली. सोनेरी रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची ही गाडी रॉजर कर्टिस यांनी आखलेली होती. त्याच वर्षी जपानच्या तामिया कंपनीच्या हॉर्नेट आणि ग्रासहॉपर या गाड्या आल्या आणि घरोघरी पोचल्या. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि मागच्या दोन चाकांच्या गटात आरसी-१० जिंकली.

त्या काळी बॅटरी निकेल-कॅडमियमची होती. सहा सेल, ७.२ व्होल्ट आणि क्षमता १२०० मिलिअँपिअर-तास. शर्यत चार मिनिटांची. १.२ अँपिअर-तास चार मिनिटांत संपवायचे म्हणजे सरासरी १८ अँपिअर एवढीच मुभा. मोठा पिनियन लावणारा पहिल्या तीन मिनिटांत सर्वांच्या पुढे असे आणि शेवटच्या फेरीत गाडी मैदानाच्या मध्यभागी लोळण घेई. गिअर निवडणे म्हणजे तेव्हा शिदोरी पुरवून खाणे होते.

आज लिथियम पॉलिमर बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची सहज मिळते. तीच पाच मिनिटांत संपवायची म्हटले तर सरासरी ६० अँपिअर ओढावे लागतील, आणि एक-दशांश बग्गी सहसा तेवढे ओढत नाही. शिदोरी संपण्याची भीती गेली. त्या जागी उष्णता आली. पूर्वी चुकीच्या गिअरची शिक्षा त्याच शर्यतीत मिळे. आज ती दहा शर्यतींनंतर मिळते, आणि ती बॅटरी चार्ज करून फिटत नाही. नव्या मुलांच्या मोटरी जळतात त्याचे खरे कारण हे आहे. पहिल्या दिवशी गाडी वेगाने पळते, काहीच बिघडलेले दिसत नाही.

जमीन किती घेते?

जोर हवा म्हणून लहान पिनियन लावणाऱ्यांनीही एक हिशेब करून पाहावा. दीड किलोच्या गाडीचे साधारण ६२ टक्के वजन मागच्या चाकांवर असते असे धरू. म्हणजे सुमारे ९.१ न्यूटन भार. मातीची पकड ०.७ धरली तर चाक न घसरता जमिनीला जास्तीत जास्त ६.४ न्यूटनने ढकलू शकते. वेग घेताना वजन थोडे मागे सरकते आणि ही मर्यादा किंचित वाढते, ते बाजूला ठेवू. टायरची त्रिज्या ४२.५ मिमी. ९.२२ च्या गुणोत्तरावर आणि ४५०० केव्हीच्या मोटरवर हा जोर मिळवायला मोटरच्या तारेत अवघे १४ अँपिअर पुरतात. मोटर याच्या कितीतरी पट प्रवाह घेऊ शकते. म्हणजे मोटर पुष्कळ द्यायला तयार आहे, घेणारी जमीनच कमी पडते. मोकळ्या मुरमावर पकड आणखी घटली तर आकडा दहाच्या खाली येतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जबर मोटर असलेल्या खुल्या गटात चाकाला जोर कमी पडत नाही. तिथे गिअर निवडायचा तो तापमानासाठी आणि थ्रॉटल बोटाखाली मवाळ राहावा यासाठी. ‘स्टॉक’ गटात, म्हणजे सर्वांना १७.५ टर्नची सारखी मोटर सक्तीची असते तिथे, प्रश्न वेगळा असतो. टर्न म्हणजे मोटरच्या आतल्या तारेचे वेटोळे. वेटोळी जास्त तितकी मोटर संथ आणि थंड. २२०० केव्हीच्या अशा मोटरला ७२ चा स्पर आणि ३१ चा पिनियन लावला तर गुणोत्तर ६.०४ येते आणि कागदावरचा वेग ताशी ४३ किलोमीटर. इथे वळणातून निघताना जमीन पुरते, पण सरळ पट्ट्यावर शक्ती कमी पडते. म्हणून स्टॉक गटात पिनियन मोठा आणि खुल्या गटात लहान, असे वरवर उलटे दिसणारे चित्र तयार होते. एका गटातल्या जिंकणाऱ्या गाडीचा पिनियन पाहून दुसऱ्या गटात तोच चढवणे म्हणजे मोटर जाळण्याची खात्रीची वाट.

आणखी एक परिणाम हाताला जाणवतो, पण सहसा कोणी समजावून सांगत नाही. मोटरच्या आतल्या फिरत्या रोटरचे जडत्व चाकाला गुणोत्तराच्या वर्गाच्या पटीत जाणवते. गुणोत्तर १० असेल तर शंभर पट, ६ असेल तर छत्तीस पट. गुणोत्तर वाढवले की थ्रॉटल सोडल्यावर रोटर चाकांना जास्त रोखतो, ब्रेकही जास्त चावतो. उडीच्या वेळी हवेत थ्रॉटल देऊन नाक उचलणे किंवा ब्रेक लावून ते खाली आणणे, या गोष्टींचा पोतही गिअरसोबत बदलतो. म्हणून नवा पिनियन लावल्यावर पहिल्या दोन फेऱ्या उडी जपून घ्यावी.

दातांची जात

गुणोत्तर तेच ठेवून दात वेगळे निवडता येतात. ७८ आणि २२ चे गुणोत्तर ३.५५ आहे, ८५ आणि २४ चे ३.५४. मग कोणती जोडी घ्यावी? शक्य असेल तर मोठी. आजच्या गिअरच्या दाताची बाजू ‘इन्व्होल्यूट’ नावाच्या वक्राची असते, अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने गिअरसाठी सुचवलेल्या. वीस अंशांच्या या दातात १७ पेक्षा कमी दातांचा गिअर कापताना दाताची मुळे कोरली जातात आणि दात नाजूक होतो. म्हणून बारा-तेरा दातांच्या पिनियनची संगत स्परला मानवत नाही. मात्र जोडी मोठी झाली की मोटर सरकते. ४८ पिचच्या दातांत पहिल्या जोडीतले केंद्रांचे अंतर २६.५ मिमी आहे, दुसऱ्या जोडीतले २८.८. मोटरचे खाचे तेवढे लांब आहेत का, ते आधी पाहावे.

४८ पिच म्हणजे गिअरच्या दात-वर्तुळाच्या एक इंच व्यासामागे ४८ दात. ६४ पिच त्याहून बारीक. ०.६ मॉड्यूल हे मेट्रिक माप आणि त्याचा दात ४८ पिचपेक्षा किंचित जाड. डोळ्यांना ४८ आणि ०.६ सारखेच भासतात, पण ते एकमेकांत बसवले की स्परचा भुगा होतो. खरेदीच्या वेळी दात मोजण्याआधी पिच विचारावा.

इन्व्होल्यूट दाताचा एक गुण आपल्या कामाचा आहे. दोन गिअरमधले अंतर केसभर चुकले तरी त्यांच्या वेगाचे गुणोत्तर स्थिर राहते. पण याचा अर्थ जोडणी कशीही चालते असा नाही. घट्ट बसली तर मोटर फुकट तापते, सैल बसली तर दात उडतात. उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे: वर्तमानपत्राची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि स्पर फिरवून पट्टी काढून घ्यायची. कागदावर दातांचे ठसे उमटावेत, पण कागद फाटू नये. मग स्पर बोटाने हलवून पाहायचा. अगदी किंचित खुळखुळ राहिली की झाले. स्पर पूर्ण फिरवून चार ठिकाणी तपासावे, कारण प्लास्टिकचा गिअर क्वचितच अगदी गोल असतो.

मागावरच्या गिअरांत आम्ही एक पथ्य पाळत असू. दोन्ही गिअरच्या दातांना सामाईक विभाजक नसावा. ८१ ला २७ लावला तर पिनियनचा प्रत्येक दात कायम स्परच्या त्याच तीन दातांना भेटतो आणि एखादा दात दुखावलेला असेल तर तो त्याच तिघांना खात राहतो. ८१ ला २६ लावला तर प्रत्येक दात सर्वांना भेटतो आणि झीज वाटली जाते. बग्गीत स्पर स्वस्त असल्यामुळे हे पथ्य सक्तीचे नाही, पण दोन पर्याय सारखे वाटत असतील तर निवडायला उपयोगी आहे.

मैदानावरची रीत

आता प्रत्यक्ष निवड. गाडीच्या माहितीपुस्तिकेत मोटरनुसार गिअरचा तक्ता असतो. तिथून सुरुवात करायची, पण त्या आकड्यापेक्षा पिनियन दोन दात लहान घ्यायचा. तीन मिनिटे खऱ्या शर्यतीसारखी गाडी चालवायची. थांबल्याबरोबर आणि पुन्हा मिनिटभराने तापमान घ्यायचे, कारण आतली उष्णता कवचापर्यंत यायला वेळ लागतो आणि आकडा थांबल्यानंतरही चढतो. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवतो. म्हणून तो काळ्या भागावर किंवा चिकटवलेल्या काळ्या पट्टीवर रोखावा, आणि दर वेळी त्याच जागी.

मग कान लावायचा. सर्वांत लांब सरळ पट्ट्यावर मोटरचा सूर चढत जातो. पट्टा संपायच्या बराच आधी तो एका पट्टीत स्थिरावला तर गिअर लहान आहे. पट्टा संपला तरी सूर चढतोच आहे आणि वळणातून गाडी जड निघते आहे, तर गिअर मोठा आहे. पट्ट्याच्या शेवटी-शेवटी सूर स्थिरावावा. एकेक दात वाढवत जायचे आणि प्रत्येक वेळी फेरीची वेळ घ्यायची. वेळ सुधारायची थांबली किंवा तापमान मर्यादेला टेकले, यांतले जे आधी घडेल तिथून एक दात मागे यायचे. सर्वोत्तम एका फेरीपेक्षा पाच मिनिटांतल्या एकूण फेऱ्या पाहाव्यात. मोठ्या गिअरची एखादी फेरी झगझगीत येते, आणि चौथ्या मिनिटाला मोटर ढेपाळते.

मोटरच्या मागच्या झाकणावर ‘टायमिंग’ पुढेमागे करता येते. ते पुढे नेले की फेरे वाढतात आणि प्रवाहही वाढतो, त्यामुळे पिनियन कमी करावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलू नयेत. काय बदलल्याने काय झाले, हे मग कधीच कळत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या बग्गीला पकड जास्त मिळते आणि मोटरला जास्त ओढावे लागते, म्हणून तिथे तापमानाकडे आणखी बारीक लक्ष हवे.

आपला उन्हाळा

परदेशी तक्ते वापरताना एक दुरुस्ती आपल्याला करावीच लागते. ठरावीक गिअरवर मोटर हवेच्या तापमानापेक्षा किती अंश वर चढते, हा आकडा साधारण कायम असतो. २५ अंशांच्या हवेत ४५ अंश चढणारी मोटर ७० वर थांबते. तीच गाडी, तोच गिअर, तेच मैदान, पण मे महिन्यातली चाळीस अंशांची दुपार: मोटर ८५ वर जाते. विदर्भात आणि मराठवाड्यात तर हवा चाळिशीच्याही पुढे असते. डिसेंबरमध्ये पुण्यात जमलेला गिअर मेमध्ये नागपुरात चालेलच असे नाही. उन्हाळ्यात एक-दोन दात उतरावे लागले तर त्यात कमीपणा नाही. वहीत मोटरचे तापमान लिहिताना हवेचेही लिहावे आणि वजाबाकी करून ठेवावी. पुढच्या ऋतूत उपयोगी पडते ती ही वजाबाकीच.

जमिनीचेही तसेच. काळी माती सुकून घट्ट झाली की पकड देते, ओली झाली की टायरला थापून चाक जड करते. मुरूम घसरतो, त्यामुळे मोटर हलकी चालते आणि तापमान फसवे कमी दिसते. पाणी मारून चोपलेल्या मैदानावर सकाळी बसवलेला गिअर दुपारी धूळ उडू लागल्यावर वेगळा वागतो. दात मोजून येतात, जमीन मोजून येत नाही. ती वहीतूनच हळूहळू कळते.

दात आणि बरोबरी

स्टॉक गटाचा नियम मला फार मोलाचा वाटतो. सर्वांना सारखी मोटर, सारख्या व्होल्टेजची बॅटरी, वेगनियंत्रकात टायमिंग वाढवायला बंदी. बंदी पाळली जाते हे दिसावे म्हणून नियंत्रकाचा दिवा लुकलुकत राहतो. पैशाने विकत घेता येणाऱ्या बहुतेक गोष्टी नियमाने बंद केल्या आहेत. उघडी राहिलेली वाट पिनियनची, आणि पिनियन काहीशे रुपयांना मिळतो. चार-पाच पिनियन, दोन स्पर, एक तापमापक आणि एक वही एवढ्या सामग्रीवर कामगाराचा मुलगा बंगल्यातल्या मुलाच्या बरोबरीने उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी हिशेब यायला हवा, आणि तो त्याला त्याच्या भाषेत मिळायला हवा. तक्ते इंग्रजीत असतात, जाणकार आपले आकडे लपवतात आणि मुलगा शेवटी अंदाजाने मोठा पिनियन चढवतो.

म्हणून मैदान चालवणाऱ्या मंडळांना माझी एक सूचना आहे. मैदानावर एक जाड वही दोरीने बांधून ठेवावी. तीत दहा रकाने असावेत: तारीख, हवेचे तापमान, जमिनीची अवस्था, मोटर, स्पर, पिनियन, टायरचा व्यास, मोटरचे तापमान, हवा आणि मोटर यांतला फरक, पाच मिनिटांतल्या फेऱ्या. जिंकणाऱ्यानेही लिहावे आणि शेवटी आलेल्यानेही. वर्षभरात त्या मैदानाचा स्वतःचा तक्ता तयार होईल. नवा मुलगा आला की त्याने आधी वही उघडावी, त्याच्या मोटरची ओळ शोधावी आणि तिथल्या पिनियनपेक्षा एक दात लहान लावून गाडी सोडावी.